पाच अक्षरांची दुरुस्ती



निवृत्त झाल्यापासून मला जो तो एकच प्रश्न विचारतो, "आता दिवसभर करता तरी काय?" मी सांगतो, "चुका काढतो." ऐकणारा हसतो आणि म्हणतो, "ते तर आम्हीही घरी बसून करतो!" मग मला खुलासा करावा लागतो की मी माणसांच्या चुका काढत नाही. कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी जी माहितीपत्रकं असतात, त्यांतल्या लहानसहान चुका शोधतो आणि त्या दुरुस्त करून पाठवतो. एवढं सांगितल्यावर बहुतेक जण चहाचा विषय काढतात. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. आपल्या अंकाचे वाचक म्हणजे एकीकडे माझ्याहून वडील मंडळी आणि दुसरीकडे शाळेत जाणारी मुलं. दोघांनाही समजेल असं लिहिण्याचा प्रयत्न करतो.

आधी वडीलधाऱ्यांसाठी थोडं. प्रोग्रॅम म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या सूचना, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण प्रत्येक सूचना कोणी पहिल्यापासून लिहीत बसत नाही. आपण घरी कालवण करतो तेव्हा गरम मसाला दरवेळी भाजून कुटतो का? तयार पुडा आणतो, नारळाच्या दुधाचा डबा आणतो. तसंच प्रोग्रॅम लिहिणारे लोक दुसऱ्यांनी तयार करून ठेवलेले तुकडे वापरतात. अशा तुकड्यांच्या संग्रहाला ते 'लायब्ररी' म्हणतात. त्यात पुस्तकं नसतात, तयार कामं असतात. तारखा मोजायच्या, चित्र दाखवायचं, पत्र पाठवायचं, जे हवं ते. त्यातल्या पुष्कळशा लायब्रऱ्या फुकट असतात. जगभरातली माणसं आपल्या फावल्या वेळात त्या लिहितात आणि सर्वांसाठी खुल्या ठेवतात.

आता पुड्यावर जसं लिहिलेलं असतं, "अर्धा किलोला दोन चमचे", तसं प्रत्येक लायब्ररीबरोबर माहितीपत्रक असतं. कोणतं काम कोणत्या नावाने मागायचं, त्याला काय द्यायचं, त्यातून काय मिळेल, हे त्यात लिहिलेलं असतं. पुड्यावर 'दोन चमचे' ऐवजी 'दोन वाट्या' छापलं तर मसाल्याचा काही दोष नाही, पण कालवण गेलंच. माझं काम त्या 'वाट्या' शोधण्याचं.

हे वेड मला वडिलांकडून आलं. आम्ही इथे आलो १९७१ साली, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. त्याआधी वडील गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. खिळे जुळवून झाले की ओल्या शाईचा कागद त्यांच्यापुढे यायचा. ते पट्टी घेऊन एकेक ओळ वाचायचे. काना, मात्रा, वेलांटी, उकार, सगळं. चूक राहून गेली आणि पुस्तक छापून झालं, तर शेवटी 'शुद्धिपत्र' जोडायचे. पान अमुक, ओळ तमुक, अशुद्ध हे, शुद्ध हे. लहानपणी मला वाटायचं की शुद्धिपत्र हा पुस्तकाचा शेवटचा धडा असतो! चुका कोण करतो विचारलं तर वडील म्हणायचे, "मुद्राराक्षस." मी तो राक्षस छापखान्यात माळ्यावर राहतो असं समजून चालायचो.

मुलांनो, एका अक्षराने काय होतं त्याची मराठीतली गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे का? 'ध चा मा करणे' असं आपल्याकडे म्हणतात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. लोक अशी गोष्ट सांगतात की हुकमाच्या कागदावर 'धरावे' असं लिहिलं होतं, म्हणजे त्यांना पकडावं. आनंदीबाईने 'ध' खोडून 'मा' केला आणि ते 'मारावे' झालं. इतिहास लिहिणाऱ्यांचं यावर काय म्हणणं असेल ते असो, पण ही म्हण अडीचशे वर्षं टिकली, कारण तिच्यातली भीती खरी आहे. लिहिलेलं वाचून माणूस कृती करतो. लिहिलेलं चुकलं तर कृती चुकते.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो.

माझी नात बारा वर्षांची आहे. तिला तिच्या पणजीशी, म्हणजे माझ्या आईशी, मराठीत बोलायचं होतं. आईला हिब्रू कामापुरतं येतं, पण मनातलं बोलायचं तर मराठीच. नातीने ठरवलं की शब्दांचा एक खेळ तयार करायचा. पडद्यावर मराठी शब्द यावा, दोन सेकंद थांबावं, मग खाली हिब्रू अर्थ यावा. शाळेत ती पायथन नावाची प्रोग्रॅमची भाषा शिकते आहे. तिने पडद्यावर अक्षरं दाखवणारी एक छोटी फुकट लायब्ररी शोधली आणि माहितीपत्रक उघडून बसली. त्या लायब्ररीचं नाव मी इथे देत नाही. लिहिणारा माणूस सज्जन आहे.

माहितीपत्रकात लिहिलं होतं की थांबण्याचा वेळ मिलिसेकंदांत द्यावा. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. म्हणजे दोन सेकंदांसाठी २००० द्यायचे. पोरीने बरोबर २००० दिले. खेळ सुरू केला. 'आई' हा शब्द आला आणि पडदा तसाच. एक मिनिट झालं, पाच मिनिटं झाली, काही हलेना. तिने प्रोग्रॅम बंद केला, पुन्हा चालवला. पुन्हा तेच. तिने स्वतःचं लिहिलेलं सगळं तपासलं. हल्ली मुलं विचारतात तसं तिने एआयलाही विचारलं. त्यानेही सांगितलं, मिलिसेकंद, २००० बरोबर आहे. दोन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली ती कॉम्प्युटर मिटूनच. म्हणाली, "सबा, मला हे जमणार नाही. माझं डोकं यासाठी नाही."

वाचकहो, या वाक्याने मी हललो. कारण हेच वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं, वडिलांच्या तोंडून.

आम्ही आल्याच्या पहिल्या वर्षी वडिलांना एका कार्यालयात कागद द्यायचे होते. दारावर पाटी होती, योम शेनी, दुपारी चार ते सहा. वडील गेले, तर दार बंद. पुढच्या आठवड्यात गेले, बंद. तिसऱ्यांदाही बंद. मुंबईत हजारो पानांतल्या चुका पकडणारा माणूस, पण इथे त्यांना वाटलं आपलंच वाचण्यात चुकतंय. इथे वारांना आकड्यांनी म्हणतात. योम शेनी म्हणजे दुसरा दिवस. मग दुसरा म्हणजे सोमवार की मंगळवार? रविवारपासून मोजायचं की सोमवारपासून? घरी येऊन म्हणाले, "या वयात नवी भाषा माझ्या डोक्यात शिरायची नाही." शेवटी उल्पानच्या शिक्षिका त्यांच्याबरोबर गेल्या. पाटी वाचून त्या म्हणाल्या, "तुम्ही अगदी बरोबर वाचलंत. पाटी चूक आहे." कार्यालयाची वेळ केव्हाच बदलली होती. पाटी बदलायचं कोणाला सुचलं नव्हतं. वडिलांनी त्याच रात्री उल्पानच्या वहीचं पान फाडून सुवाच्य अक्षरात नवी वेळ लिहिली आणि सकाळी कारकुनाच्या हातात दिली. त्याने ती पाटीवर चिकटवली. वडिलांचं इथलं पहिलं शुद्धिपत्र!

नव्या माणसाचं हे असं असतं. जुना रहिवासी पाटी वाचतच नाही. त्याला वेळ माहीत असते. नवा माणूस पाटीवर विश्वास ठेवतो, आणि पाटी खोटी ठरली की दोष स्वतःला देतो. परक्या देशात आलेला माणूस असो की पहिला प्रोग्रॅम लिहिणारी पोर असो, दोघांची गत एकच.

तेव्हा मी नातीला म्हटलं, "अगं, आधी पाटी तपासू. मग तुझं डोकं तपासू." खुल्या लायब्ररीची गंमत अशी की तिची आतली सगळी सूचनावली कोणालाही वाचता येते. आम्ही दोघांनी ती उघडली. पायथन भाषेत थांबण्यासाठी 'स्लीप' नावाची सूचना आहे, आणि तिला वेळ सेकंदांत द्यावा लागतो. जावास्क्रिप्ट नावाची दुसरी भाषा आहे, तिच्यात अशाच कामाला मिलिसेकंद द्यावे लागतात. म्हणून दोन्ही भाषांत वावरणाऱ्या लोकांचा इथे गोंधळ होतो. या लायब्ररीत आपण दिलेला आकडा जसाच्या तसा 'स्लीप'ला दिलेला होता. हजाराने भागाकार कुठेच नव्हता. म्हणजे तिचा खेळ बंद पडलाच नव्हता. तो इमानाने २००० सेकंद थांबत होता! मुलांनो, हिशोब करा. २००० सेकंद म्हणजे तेहतीस मिनिटं आणि वीस सेकंद. पाच मिनिटांत कंटाळून बंद करणाऱ्याला तो उत्तर देणार तरी कसं?

तिने २००० काढून २ लिहिले. 'आई' आलं, दोन सेकंदांनी खाली 'इमा' आलं. मी घड्याळ लावून पाहिलं. आकडा ५ केला, पाच सेकंद लागले. खात्री झाली. नातीचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू! पण मी म्हटलं, "अजून काम संपलं नाही. उद्या दुसरी कोणी मुलगी हेच वाचून रडेल. तिच्यासाठी पाटी बदलायला हवी."

ही दुरुस्ती कशी करतात ते सांगतो. पुष्कळशा लायब्रऱ्या गिटहब नावाच्या ठिकाणी ठेवलेल्या असतात. ते २००८ साली सुरू झालं. तिथे मूळ कागदाची स्वतःची एक नक्कल घ्यायची. नकलेत दुरुस्ती करायची. मग मालकाला विनंती पाठवायची, "माझ्या नकलेतला हा बदल तुमच्या मूळ कागदात घ्या." या विनंतीला 'पुल रिक्वेस्ट' म्हणतात. मालकाला जुनी ओळ लाल रंगात आणि नवी हिरव्या रंगात दिसते. पटलं तर तो घेतो, नाही पटलं तर कारण सांगतो. मला तर ते रंग बघून वडिलांच्या शुद्धिपत्राची आठवण येते. अशुद्ध हे, शुद्ध हे.

आमची दुरुस्ती म्हणजे इंग्रजी शब्दातली 'मिलि' ही पाच अक्षरं खोडणं, एवढीच होती. खाली तीन ओळी लिहिल्या. पत्रकात मिलिसेकंद म्हटलं आहे, सूचनावलीत आकडा सरळ सेकंद म्हणून वापरला आहे, आम्ही २ आणि ५ देऊन घड्याळाने तपासलं. नातीने शेवटी स्वतःच जोडलं, "लायब्ररीबद्दल आभार." अकरा दिवसांनी उत्तर आलं. मालकाने दुरुस्ती घेतली होती आणि लिहिलं होतं की या ओळीमुळे आणखी किती जण अडकले असतील याचं त्याला वाईट वाटतं. नातीने ते पत्र शाळेत सगळ्यांना दाखवलं.

इथे एक प्रश्न तिने मला विचारला, तो चांगला आहे. "सबा, पत्रक बदलण्याऐवजी लायब्ररीच बदलली असती तर? मिलिसेकंद लिहिलंय तर मिलिसेकंदच चालू दे!" तसं करता आलं असतं. पण इतके दिवस ज्यांनी ती लायब्ररी वापरली, त्यांनी अनुभवाने सेकंदच दिले असणार. लायब्ररी बदलली तर त्या सर्वांचे चालू प्रोग्रॅम मोडतील. दोन सेकंदांच्या जागी सेकंदाचे दोन हजारावे भाग होतील आणि शब्द डोळ्यांना दिसायच्या आत जातील. म्हणून चालतं काम मोडू नये, त्याचं वर्णन सुधारावं. चूक लवकर पकडली तर हे सोपं असतं. उशीर झाला की चूकच नियम होऊन बसते.

त्याची खरी उदाहरणं पाहा. आपण एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलो की 'आलात कुठून' हे ब्राउझर पुढच्या पानाला सांगतो. त्या सूचनेचं नाव 'रेफरर' या इंग्रजी शब्दावरून ठेवलं, पण लिहिताना मधला एक 'आर' गळला. १९९६ साली नियमांचा कागद प्रसिद्ध झाला तोही चुकीच्याच स्पेलिंगने. तोवर प्रोग्रॅम लिहून झाले होते. आजही जगभरचे ब्राउझर रोज तो शब्द चुकीचाच लिहितात, आणि तोच बरोबर धरला जातो! युनिक्स नावाची जुनी संगणकप्रणाली आहे. तिच्यात नवी फाइल करण्याच्या सूचनेचं नाव 'क्रिएट' असं आहे, पण शेवटचं 'ई' अक्षर नाही. युनिक्स पुन्हा केलं तर काय बदलाल, असं केन थॉम्पसन यांना विचारलं, तेव्हा त्यांनी उत्तर दिलं की ते 'ई' घालीन. तिसरं उदाहरण युनिकोडचं. जगातल्या सर्व लिपींच्या अक्षरांची ही यादी, आपली देवनागरी आणि हिब्रूही तिच्यात आहेत. तिच्यात एका कंसाच्या नावात इंग्रजी 'ब्रॅकेट' शब्दाची दोन अक्षरं उलटसुलट पडली. एकदा दिलेलं नाव बदलायचं नाही असा युनिकोडचा पक्का नियम असल्यामुळे ते तसंच ठेवलं आणि शेजारी शुद्ध नाव दुसरं नाव म्हणून नोंदवलं. म्हणजे इथेही शेवटी शुद्धिपत्रच!

मापाच्या गोंधळाने तर आकाशातलं यानही गेलं आहे. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोचता पोचता हरवलं. जमिनीवरचा एक प्रोग्रॅम यानाला दिलेल्या धक्क्याचे आकडे पौंडांच्या मापात देत होता आणि ते घेणारे लोक न्यूटनच्या मापात समजत होते. दोन्हींत साडेचार पटींच्या जवळपास फरक. लेखी कागदात मेट्रिक मापच ठरलं होतं. तिथे कागद बरोबर आणि प्रोग्रॅम चूक, आमच्याकडे प्रोग्रॅम बरोबर आणि कागद चूक. कोणतंही एक चुकलं तरी गाडी खड्ड्यातच.

आमच्या इमारतीतले एक काका विचारतात, "याचे पैसे किती मिळतात?" मी सांगतो, एक अगोराही नाही. मग त्यांना डोनाल्ड कनूथ यांची गोष्ट सांगतो. कनूथ हे अमेरिकेतले फार मोठे संगणकशास्त्रज्ञ. त्यांच्या पुस्तकात चूक दाखवली तर ते प्रत्येक चुकीला २.५६ डॉलरचा चेक पाठवायचे. २.५६ च का? २५६ सेंट म्हणजे सोळा गुणिले सोळा, आणि सोळाच्या पटीने मोजणाऱ्या संगणकवाल्यांच्या आकड्यांत ते शंभर होतात. पुष्कळ लोकांनी ते चेक बँकेत भरलेच नाहीत, चौकटीत लावून भिंतीवर टांगले. २००८ साली चेकवरून होणाऱ्या फसवणुकीमुळे त्यांनी खरे चेक बंद केले. त्याऐवजी एका काल्पनिक बँकेचं प्रमाणपत्र पाठवायला सुरुवात केली. लोकांना तेही तितकंच प्रिय. एवढा मोठा माणूस आपली चूक दाखवणाऱ्याला बक्षीस देतो, यात शिकण्यासारखं आहे. काका म्हणाले, "मग अडीच डॉलरसाठी एवढं?" आता त्यांना काय सांगू!

काही चुका मशीनही पकडतं. पायथनमध्ये २००१ सालापासून 'डॉकटेस्ट' नावाची सोय आहे, टिम पीटर्स यांनी लिहिलेली. माहितीपत्रकात दिलेली उदाहरणं ती स्वतः चालवून पाहते आणि लिहिलेलं उत्तर व आलेलं उत्तर जुळतं का ते सांगते. पण 'मिलिसेकंद' हा साध्या वाक्यातला शब्द होता. तो खरा की खोटा हे मशीनला कळायचं नाही. त्याला वाचणारा माणूसच हवा. आणि हल्ली ही गरज वाढली आहे. एआयचे प्रोग्रॅम अशीच जगभरातली लिखाणं वाचून शिकतात. पत्रक चुकलं की त्यांचं उत्तरही तसंच चुकू शकतं, आणि ते सांगतात मात्र ठासून. विहिरीत कचरा पडला तर घागर बदलून काय उपयोग? विहीरच साफ करायला हवी.

आपल्या लोकांना या कामात एक जास्तीचा फायदा आहे, असं मला वाटतं. आपण मराठी, हिब्रू, इंग्रजी अशा तीन भाषांत जगतो. इंग्रजी ज्याची मायबोली आहे तो पान भराभर वाचतो आणि चुकलेला शब्द मनातल्या मनात सुधारून पुढे जातो. आपण शब्द शब्द लावत जातो, म्हणून दगड आपल्याच पायाला लागतो. शिवाय काही चुका आपल्यालाच दिसतात. पुष्कळ माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं की अमुक सूचना मजकुरातली अक्षरं मोजून देते. इंग्रजी 'हॅलो' दिलं तर पाच येतात, ठीक आहे. हिब्रूत 'शालोम' निकुद न देता लिहिलं तर चार येतात, तेही ठीक. आता 'नमस्ते' देऊन पाहा. आपण मोजतो न, म, स्ते, म्हणजे तीन. पायथन सांगतो सहा! कारण तो न, म, स, हलन्ताची खूण, त आणि मात्रा असे सहा तुकडे मोजतो. सूचना चुकीची नाही, पण 'अक्षरं' हा शब्द दिशाभूल करतो. तिथे 'युनिकोडचे तुकडे' अशा अर्थाचा शब्द हवा. हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात येईल? ज्याच्या लिपीत काना-मात्रा आहेत त्याच्याच.

मुलांनो, तुम्हाला हे काम करून पाहायचं असेल तर माझे काही नियम लिहून ठेवा.

१. आधी नवी आवृत्ती पाहा. चूक तिथे दुरुस्त झालेली असू शकते. दुसऱ्या कोणी कळवली आहे का तेही पाहा.

२. स्वतः चालवून तपासा. 'मला वाटतं' एवढ्यावर पाठवू नका.

३. एका वेळी एकच चूक. तिच्याबरोबर दहा ठिकाणी स्वल्पविराम हलवू नका. वाचणाऱ्याला खरी दुरुस्ती सापडत नाही.

४. कुठे आहे, काय लिहिलं आहे, काय हवं, तुम्ही कसं तपासलं, हे चार ओळींत सांगा.

५. भाषा नम्र ठेवा. समोरचा माणूस फुकट काम करतो आहे. त्याचीही मुलं-बाळं, नोकरी, दुखणीखुपणी आहेत.

६. उत्तराला वेळ लागतो. माझी एक दुरुस्ती आठ महिने तशीच पडून होती. मग एके दिवशी 'आभार' असा एकच शब्द आला. सव्लानूत, मुलांनो, सव्लानूत!

सातवा नियम मोठ्यांसाठीसुद्धा आहे. बक्षिसासाठी हे काम करू नका. हॅक्टोबरफेस्ट नावाचा एक उपक्रम दर ऑक्टोबरात असतो. त्यात पूर्वी चार पुल रिक्वेस्ट पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. हेतू चांगला होता. पण २०२० साली लोकांनी टी-शर्टसाठी कशातही विनाकारण शब्द घुसडून विनंत्यांचा पाऊस पाडला. बिचारे लायब्ररीवाले कचरा उपसता उपसता थकले. शेवटी त्याच महिन्यात नियम बदलावा लागला की जे स्वतः भाग घेतील त्यांच्याच प्रकल्पातलं काम धरायचं. दुरुस्ती आणि लुडबूड यांत फरक असतो. दुरुस्तीने पुढच्याचा वेळ वाचतो, लुडबुडीने मागच्याचा वाया जातो.

नातीचा खेळ आता छान चालतो. त्यात दीडशे शब्द झाले आहेत. परवा तिने तो पणजीला दाखवला. आई चष्मा लावून पडद्याकडे बघत बसली. नाक, कान, पाणी, पोळी... आणि एका शब्दाला तिने हात वर केला. "अगं बाई, थांबव हे! 'चूल' असं पहिल्या उकाराने लिहितात होय? दुसरा उकार हवा, दीर्घ!" नात म्हणाली, "पणजी, ही तुझी पहिली पुल रिक्वेस्ट!" आईला त्यातलं काही कळलं नाही, पण दुरुस्ती ताबडतोब झाली. आता आईला रोज तो खेळ बघायचा असतो, आणखी चुका सापडतात का म्हणून. वडिलांचं घराणं आहे ना!

ज्येष्ठांनो, तुमच्या हाताशी वेळ आहे, नजर बारीक आहे, आणि नातवंडं घरात आहेत. त्यांच्याशेजारी बसा. त्यांना प्रोग्रॅम कळतो, तुम्हाला शुद्ध-अशुद्ध कळतं. नातवंड "मला जमत नाही" म्हणालं तर लगेच मान हलवू नका. आधी पाटी तपासा.

या लेखातही मुद्राराक्षसाने हात मारला असेल. चूक दिसली तर संपादकांना जरूर कळवा. पान आणि ओळ लिहायला विसरू नका. पुढच्या अंकात शुद्धिपत्र देऊ. २.५६ डॉलरचा चेक मात्र मागू नये, ही विनंती.